बर्वे सरांची किनारी निरीक्षणं

विज्ञानाला माणसाची लुडबूड चालत नाही, असं आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले बर्वे सर सांगतात. म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजताना ते स्वतःचा श्वास रोखतात आणि शेजारी उभा असेल त्यालाही रोखायला लावतात. उच्छ्वासाने आकडा वाढतो. एकदा सोसायटीच्या सभेत, अध्यक्ष बोलत असताना, सर यंत्र हातात धरून उठले आणि म्हणाले, "आकडा चढतोय. नोंद झाली."

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. नाशकाला समुद्र नाही, म्हणून दर पावसाळ्यात ते श्रीवर्धनला जाऊन किनाऱ्यावरचे वायू आणि बाष्प मोजतात. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही. आकडेही कोणी मागितलेले नाहीत. यंदा त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी मी चालवली.

जेट्टीवरचं माप दहा मिनिटांत झालं. वाळूवरचं त्याहून लवकर, कारण छत्री उलटली. तिसरं ठिकाण म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीची पडवी. तिथे माप घ्यायला चार दिवस लागतात.

अक्का ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. पावसाळ्यात दमा बळावतो.

"आलास का बाळ्या, यंत्र घेऊन?" त्या दारातूनच म्हणाल्या. "म्हातारी जिवंत आहे का, तेही दिसतं वाटतं त्यात?"

"आर्द्रता दिसते, अक्का. ब्याण्णव टक्के! खोकशील नाहीतर काय? नाशकाला चल."

"समुद्राकाठी ओल नसणार तर कुठे असणार रे?"

सहा पावसाळे हेच चाललं होतं. यंदा मात्र सरांनी पुरावा आणला होता. तुलनेसाठी नाशकातल्या आपल्या घरातल्या हवेची वर्षभराची वही. अक्कांनी चष्मा लावला. आर्द्रतेचा रकाना त्यांनी पाहिलाच नाही.

"हा पलीकडचा आकडा रोज सारखाच कसा?"

"तो उच्छ्वासाचा. घरात कायम श्वास रोखता येत नाही. एका माणसाचा साधारण तेवढाच असतो."

"वर्षभर?"

"नाही, नाही. गणपतीत एकदा वाढलाय." सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे मोदक घेऊन आले होते. अर्धा तास बसले."

अक्कांनी वही मिटली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

"आर्द्रता पटली शेवटी," सर मला हळूच म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही.

अक्का नाशकात आल्याला आता महिना होईल. खोकला थोडा कमी आहे. यंत्र टीव्हीवर उघडंच असतं. त्याच्या हवाबंद डब्यात आमसुलं आहेत. या घरात तेवढीच एक कोरडी जागा आहे, असं अक्कांचं निरीक्षण आहे.