उतारशेठची लाकडं

उतार लागला की आमचा उतारशेठ जीपचं इंजिन बंद करायचा आणि पाशिंजरांची तोंडंही. "बोलू नका, गाडी जड होते," म्हणायचा. बोलण्याने गाडी जड कशी होते ते मला आजवर कळलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण शाळेतले मास्तरसुद्धा त्या जीपमध्ये गप्प बसायचे, तेव्हा काहीतरी असेल.

वैशाखरे ते मुरबाड अशी त्याची जीप. मध्ये एक खिंड, खिंडीच्या दोन्ही अंगाला उतार. खिंडीत आला की बटण ओढून इंजिन बंद. मग नुसता वारा आणि पाट्यांतल्या कोंबड्या. खाली ओढ्यावरच्या मोरीजवळ गाडी रेंगाळायला लागली की शेठ ओरडायचा, "पुढं वाका!" कोंबून भरलेली जीप, पाट्यावाल्या बायका, म्हातारे, सगळे पुढे वाकायचे. गाडी मोरी ओलांडून गेली की शेठ खूश. नाही गेली की मागे वळून विचारायचा, "कोण सरळ बसलाय रे?"

खरं नाव काशिनाथ. शेठ म्हणजे श्रीमंत समजू नका. आमच्याकडे दोन बकऱ्या असल्या तरी माणूस शेठ होतो. घर माझ्या घराला लागून, मध्ये फक्त कुडाची भिंत. मला तो तात्या म्हणतो, माझ्या बायकोला वयनी म्हणायचा. म्हणायचा. ती गेली. पुढे येईलच ते.

त्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "एका माणसाला एक चूल. दोन झाली की दुप्पट लाकडं. कुठनं आणू?" भाऊ कल्याणला, तो येत नाही. बाकी कोणी नाही.

माणूस चिकट नव्हता. चिकट माणूस स्वतःचं वाचवतो, हा दुसऱ्याचंही वाचवायचा, त्याचाच तर त्रास. आमच्याकडे चहाला आला की आधी माजघरात डोकावून दिवा मालवायचा. "आत कोण हाय? कोण नाय. मग कोणाला दाखवताय?" हात धुवायला पाणी दिलं की अळवात जाऊन धुवायचा. पत्र्याच्या डब्याला बाहेरून डांबर फासून तो उन्हात ठेवायचा आणि दुपारी त्या पाण्याने आंघोळ करायचा. अंगाला डांबराचा वास यायचा, पण पाणी कढत असायचं, खोटं का बोला. मुरबाडच्या बाजारात दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी दिली की तो माल धोतरात ओतून घ्यायचा आणि पिशवी परत द्यायचा. एकदा बोंबील असे घेतले. त्या दिवशी जीपमध्ये इंजिन चालू असतानाही कोणी तोंड उघडलं नाही.

एके साली माळशेजला धबधबे बघायला निघालेला मुंबईचा एक पोरगा जीपमध्ये बसला. शेठने उताराला इंजिन बंद केलं, तसा तो हसला. म्हणाला, "काका, जपानात अशी गाडीच निघाली आहे. हायब्रीड. पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते. थांबली की इंजिन आपोआप बंद. उताराला ब्रेक मारला की बॅटरी भरते."

शेठने गाडी कडेला घेतली. उतारावर गाडी थांबवलेली आम्ही तेवढी एकदाच बघितली.

"उतार परत भरून ठेवते?"

"हो."

"आणि चढाला वापरते?"

"हो, काका."

शेठने स्टेअरिंगवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मग मी एवढे उतार फुकट घालवले की रे."

दुसऱ्याच दिवशी शहापूरला जाऊन भंगारातून सायकलचे डायनामो घेऊन आला आणि मागच्या चाकाला जोडले. उताराला ते डास गुणगुणल्यासारखे गुणगुणायचे आणि जीपच्या टपाखाली एक बल्ब पेटायचा, काजव्याएवढा. शेठने पेंटरकडून जीपच्या मागे पांढऱ्या रंगात 'हायब्रीड' लिहून घेतलं. गावाला हायब्रीड म्हणजे भाताचं बियाणं माहीत. दोघेतिघे पिशव्या मागायला आले. पुढे खड्ड्यात डायनामो कुठेतरी पडले, अक्षरं तेवढी राहिली. कोणी चिडवलं की शेठ म्हणे, "जपानवाला आत्ता शिकला. मी किती वर्षं करतोय."

आता लाकडांचं सांगतो.

शेठच्या पडवीत लाकडांची रास होती. ऐन, खैर, करंज. सगळी पडलेली, वाऱ्याने मोडलेली. झाडाला त्याने कधी कोयता लावला नाही. संध्याकाळी परत येताना रस्त्याच्या कडेला सुकी फांदी दिसली की जीप थांबायची. फांदी मोडून बघायचा, कानाशी धरायचा. कट्‌कन वाजली तर घ्यायची, नाही तर तिथेच ठेवायची. अशी वर्षानुवर्षं. रास कौलांना टेकली होती, वरून खताच्या गोणी शिवून घातलेल्या. त्या लाकडांना चुलीत घालायला तो स्वतःसुद्धा हात लावत नसे. चुलीला शेणी, म्हणजे गोवऱ्या.

ती त्याच्या सरणाची लाकडं होती. सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे मयत झाली की घराघरातून एकेक लाकूड येतं, आणि कमी पडलं तर घरची माणसं झाड तोडतात. शेठ म्हणायचा, "माणूस जन्मभर झाडाखाली बसतो आणि जाताना झाड घेऊन जातो. मला नको. आणि माझ्यासाठी तोडायला जाणार कोण?" हे शेवटचं तो हसत म्हणायचा. आम्हीही हसायचो.

माझ्या बायकोचं आणि त्याचं रोज भांडण. तिला ती रास बघवायची नाही. "भावजी, जित्या माणसाच्या दारात मढ्याची लाकडं? अवलक्षण हाय ते." एका पावसाळ्यात आमची लाकडं भिजली, चूल नुसती धुमसत होती. ही कुडापलीकडून म्हणाली, "भावजी, एक मोळी द्या. ऊन पडलं की भरून देते."

"वयनी, तांदूळ न्या. जीप न्या. ते मागू नका."

"एक मोळी कमी झाली तर काय अर्धवट जळाल?"

"तेच भ्या वाटतं."

ही एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "ठेवा जपून. आणि भिऊ नका, तुमच्यामागं रडायला मी येईन. दुसरं कोण हाय तुमाला?" मग त्याने आपल्या शेणी आणून दिल्या. लाकूड नाही दिलं. मी म्हटलं, असल्या माणसाच्या दारात परत जाऊ नको. ती म्हणाली, "तुमाला नाय कळायचं."

दोन वर्षांनी श्रावणात तिचे पाय सुजले, धाप लागायला लागली. बोलताना शब्द तुटायचे. सकाळी शेठने जीप दाराशी लावली, आणि आम्ही तिला पुढच्या सीटवर बसवलं. पाऊस कोसळत होता. खिंड आली, पलीकडचा उतार लागला. शेठने बटण ओढलं नाही. इंजिन चालूच. पाय तसाच दाबलेला.

तिने मान वळवली. "भावजी, उतार आला. बंद करा की."

"आज नको, वयनी."

"डिझेल जातंय."

"जाऊ दे."

ती मोरीजवळ सवयीने थोडी पुढे वाकली. मी मागून तिच्या खांद्याला धरलं होतं, मला कळलं.

मुरबाडच्या दवाखान्यात ती तीन दिवस होती. डॉक्टरांनी करायचं ते केलं. चौथ्या दिवशी उजाडताना गेली.

त्याच जीपमधून तिला परत आणली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसलो होतो. डोळखांबला दिलेली मुलगी येऊन पोचली होती, ती समोर, आणि भावकीतले चौघे. खिंडीत आल्यावर शेठने बटण ओढलं. आता घाई कसली होती? पाऊस तेवढा टपावर वाजत होता. मोरीजवळ गाडी मंदावली. शेठ काही म्हणाला नाही, तरी आम्ही सगळे पुढे वाकलो. मीही वाकलो, तिच्या अंगावर. गाडी मोरी ओलांडून गेली.

आमच्या स्मशानात छप्पर नाही. पावसात बांबूंवर पत्रे धरायचे आणि घराघरातलं लाकूड रचायचं. त्या दिवशी आलेलं सगळं ओलं. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. रॉकेल ओतून बघितलं, नुसती वाफ. अशा वेळी आमच्याकडे उपाय ठरलेला आहे, टायर. टायर पेटतो, मग ओलंही पेटतं. धूर काळा येतो, माणसं नाकाला पदर लावून लांब उभी राहतात, आणि दुसऱ्या दिवशी राखेत तारा सापडतात. माझ्या आईची हाडं मी तसल्याच तारांतून वेचली होती.

भावकीतला एकजण म्हणाला, "शेठ, तुझ्याकडं जुना टायर आसंल ना? घेऊन ये."

शेठने तिच्याकडे बघितलं. मग निघून गेला. मी तिथेच चिखलात बसलो होतो. मनात म्हटलं, आता ही पण टायरच्या धुरात जाणार.

जीप बांधावरून उलटी येताना दिसली. 'हायब्रीड' ही अक्षरं आधी दिसली. मागचा पडदा वर केला तर आत लाकडं, टपापर्यंत. खताच्या गोणींत गुंडाळलेली.

"टायर कुठं हाय?"

"टायर नाय."

"आरे पण ही तुझी..."

"धरा पटापट. भिजतील."

तीन खेपा केल्या त्याने. रचताना कोणाला हात लावू दिला नाही. मोठी ऐनाची खाली, करंज मध्ये, बारीक वर. फांदी ठेवण्याआधी सवयीने कानाशी धरून बघत होता. मी अग्नी दिला. लगेच पेटलं. धूर पांढरा निघाला आणि पावसातसुद्धा सरळ वर गेला. मुलगी घरी परतल्यावरही मी बघत उभा होतो.

परत येताना कोणीतरी म्हणालं, "शेठ, आता तुझं कसं?"

"मी उन्हाळ्यात मरंन," शेठ म्हणाला.

दोघे हसले. मी नाही हसलो, तोही नाही.

तेरावं झाल्यावर तो एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला. आत दिवा चालू होता, त्याने मालवला नाही. म्हणाला, "तात्या, लाकडं काय, होतील परत. पण रडायला वयनी येणार व्हती." आणि उठून गेला.

त्याची पडवी आता मोकळी आहे. कोपऱ्यात चार फांद्या. जीप त्याने गेल्या साली विकली, गुडघे क्लच दाबू देत नाहीत. पायी जाऊन आणतो, सापडेल तेवढं. मलाही हल्ली संध्याकाळी घरात बसवत नाही, मी बांधाने फिरतो. परवा एक खैराची फांदी दिसली, चांगली मनगटाएवढी. उचलली आणि त्याच्या पडवीत नेऊन टाकली.

तो आतून आला. फांदी उचलून कानाशी धरली, वाकवली.

"ओली हाय, तात्या. परत न्या."

घेऊन आलो. चुलीच्या मागे ठेवली आहे, ती बसायची तिथे. वाळली की देईन.