तीन तांबे पाणी आणि छातीची सोनोग्राफी

सोनोग्राफीतलं आनंदीबाईंना कुणी शिकवायला नको होतं. दोन सुना आणि तीन लेकींची बाळंतपणं त्यांनी पार पाडली होती. शाळा दुसरीपर्यंत, पण या विषयात त्या स्वतःला डॉक्टरच्याही वरची समजत. पाणी प्यायचं, दाबून धरायचं, नंबर आला की आडवं व्हायचं. झालं!

या वेळी मात्र गाठ त्यांच्याच छातीत लागली होती. पंधरा दिवस त्यांनी ती पदराआड लपवली. धाकट्या सुनेच्या, तनुजाच्या नजरेतून काही ती सुटली नाही. हडपसरला जिथं आनंदीबाईंचा ऊस होता तिथं आता काचेच्या इमारतीतली कंपनी उभी होती, आणि तनुजा तिथंच कॉम्प्युटरवर बसे. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासूला गाडीत घातलं. वाटेत ती तपासणीचं सांगू लागली, तर "पाच बाळंतपणं केल्यात मी," म्हणून आनंदीबाईंनी तिचं तोंड बंद केलं. तोवर तीन तांबे पाणी त्यांच्या पोटात होतं.

सेंटरमध्ये अकरावा नंबर. तासाभरात आनंदीबाईंच्या कपाळावर घाम आला, दात आवळले गेले, पाय जुळले. सासू आयुष्यात पहिल्यांदा घाबरली, असं तनुजाला वाटलं. तिनं त्यांचा हात धरला आणि धीर यावा म्हणून पाण्याची बाटली पुढं केली. अजून कमी पडत असेल, असं समजून आनंदीबाईंनी तीही रिकामी केली.

आत डॉक्टरीणबाईंनी हात डोक्याखाली घ्यायला लावला, छातीवर गार जेल लावलं आणि गुळगुळीत यंत्र फिरवू लागल्या. टोचणं नाही, कापणं नाही. दुखलं तर सांगा, म्हणाल्या.

"खाली दुखतंय."

यंत्र बरगडीवर आलं. "इथं?"

"लई खाली, बाई."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कधीपासून?"

"पहिल्या तांब्यापासनं."

यंत्र थांबलं. छातीच्या सोनोग्राफीला पाणी लागत नाही, जेवूनसुद्धा येता येतं, एवढं ऐकायचा अवकाश, आनंदीबाई अंगाला चादर गुंडाळून मार्केट यार्डातून सुटलेल्या टेम्पोसारख्या बाहेर पडल्या.

चादरीतली सासू धावताना पाहून तनुजाचं काळीजच फाटलं. संडासाच्या दाराशी उभी राहून ती रडू लागली.

"आत्या, काहीही निघू दे. मी नोकरी सोडीन, पण तुम्हाला बरं करीन."

आत आनंदीबाईंनी शब्द न् शब्द ऐकला. काम आटोपलं होतं, तरी बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

राहिलेली तपासणी दहा मिनिटांत झाली. गाठ म्हणजे नुसती पाण्याची पिशवी, भ्यायचं कारण नाही, सहा महिन्यांनी दाखवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आनंदीबाईंनी त्यांना हात जोडले. सुनेला कसे जोडणार?

परतताना त्यांनी तीनदा घसा खाकरला. बारा वर्षांत या पोरीला त्या एक गोड शब्द बोलल्या नव्हत्या.

"गाडी बरी चालवतीस," त्या म्हणाल्या.

तनुजाचा क्लचवरचा पाय सुटला आणि हिरव्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले. तेव्हा कुठे आनंदीबाईंना हायसं वाटलं. काच खाली करून त्यांनी मागच्या सगळ्यांचा उद्धार सुरू केला.