कु. शकू यांच्या फोटोला हार

डबल नोंद पकडावी तर ती करिश्मानेच! हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमचं पेणचं वाचनालय आणि रोह्याचं वाचनालय, दोन्हींच्या याद्या एकत्र करून लिंक्ड डेटात घालायच्या होत्या. म्हणजे एका लेखकाला एकच नंबर, आणि त्याची दोन्ही गावांतली पुस्तकं त्या नंबराला बांधलेली. एकच माणूस दोनदा घुसला की झाला घोटाळा!

"एक जरी डबल सुटली तर नाव बदलेन!" मी घरात जाहीर केलं.

सासूबाई पोह्याचे पापड लाटत होत्या. "रोह्याची जुनी पुस्तकं पण येनार काय गो? लहानसं असलं तरी?"

"सगळी येणार, आई!"

"फाटकं म्हणून टाकू नको हां."

"तुम्ही पापडाकडे बघा हो!"

कामाला लागले आणि कॉम्प्युटरने एक जोडी पुढे केली. रोह्याच्या 'खाचरातली गाणी'ची कवयित्री कु. शकू, आणि पेणच्या पापडांच्या पुस्तकाची लेखिका अनिता. अनिता म्हणजे चक्क आमच्या सासूबाई! बचत गटाने छापलं होतं ते. 'या दोघी एकच आहेत का?' कशावरून, तर जन्मतारीख एकच, एक जून. मी पोट धरून हसले. अहो, शाळेत घालताना गुरुजींनी आमच्या निम्म्या तालुक्याला एक जूनलाच जन्माला घातलंय! 'वेगवेगळ्या' दाबून मोकळी झाले.

पण शकूची बाकी माहिती कोरी. रोह्याच्या ग्रंथपाल नमिता मॅडमना फोन लावला.

"लग्न झालं आणि गाणी बंद," त्या म्हणाल्या. "पुढे शकू नावाची बाई कुणी पाहिलेलीच नाय."

"मग वारलीच असणार!"

"असेल बाई."

लिहिलं मी, 'मयत'. मग ती गाणी वाचली आणि मला रडूच फुटलं. इतकी गोड पोरगी, आणि कुणाला पत्ता नाही! ठरलं, वाचनालयात श्रद्धांजली! पुस्तकामागचा दोन वेण्यांचा फोटो मोठा करून हार घातला.

"आई, एक जुनी कवयित्री वारली. पन्नास जणांचे पापड तळून आणाल?"

"अरेरे, बिचारी. आणते गो."

कार्यक्रमात रोह्याहून आलेल्या नमिता मॅडम गाणं वाचता वाचता थांबल्या. पान फाटलेलं. तेवढ्यात दारातून कुणीतरी पुढची ओळ म्हटली, अगदी चालीवर! बघते तर पापडांचा डबा कवटाळून सासूबाई. गाणं संपवलं आणि मग त्यांची नजर फोटोवर गेली.

"अगो करिश्मा, मला हार घातलास?"

"आई... शकू तुम्ही?"

"व्हय. लग्नात तांदळात अनिता लिवलं. शकू रोह्यालाच राहिली."

"कधी बोलला नाहीत ते!"

"कुणी विचारलं काय?"

मी त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. त्याही रडल्या. नमिता मॅडम तर माइकवरच रडल्या.

कार्यक्रम उरकल्यावर सासूबाईंना शेजारी बसवून मी दोन्ही नावं एका नंबराखाली आणली. गाणी आणि पापड एका घरात आले. सासूबाई पडद्यावरच्या 'शकू'वरून बोट फिरवत राहिल्या.

"आई, मी नाव बदलणार होते ना..."

"नको गो बाय. एकदा बदललं की सापडायला सून यावी लागते."

माझे डोळे पुन्हा भरून आले. तेवढ्यात त्यांनी चष्मा सावरला.

"रडतेस काय? आधी ते 'मयत' पूस! माझेच पापड खाऊन माझीच श्रद्धांजली करून गेली माणसं!"