बिरादार सरांची बर्फावरची जोडी

बिरादार सर कुणाच्याही लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या तोंडाकडं बघत नाहीत, पायांकडं बघतात. अक्षता पडलेल्या असतात, जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात, तरी हा माणूस होमाजवळ उभा. सप्तपदी सुरू झाली की डोळे बारीक करायचे आणि शेवटच्या पावलाला शेजारच्याच्या कानात निकाल सांगायचा, "मेळ न्हाई. नवरी अर्धं पाऊल मागं हाय आन् नवरदेवाला पत्ता न्हाई. त्यो आपला एकट्याच्याच नादात चालून राहिला."

माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. फक्त तेव्हा त्यांच्या शेजारी माझी आई उभी होती. वरात घरी आली तरी आईचा चेहरा उतरलेलाच. शेवटी मला चुलीपाशी बोलावून म्हणाली, "तुझे ते सर म्हणत व्हते, पोरगं उजव्या अंगानं वळतंय आन् सून डाव्या. ह्याच्यावर काही औषध हाय का रं?"

औषध नाही. तो आजार आमच्या बायकोला नव्हता आणि मलाही नव्हता. तो बिरादार सरांना होता. बर्फावर पायांत पात्याचे बूट घालून बाई आणि माणूस जोडीनं नाचतात, उड्या मारतात, तो माणूस तिला डोक्यावर उचलतो आणि लांब भिरकावतो, त्या खेळाचं सरांना वेड होतं. नुसतं बघायचं वेड असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. सर त्यावर मराठीत ब्लॉग लिहीत. नाव 'बर्फावरची जोडी'. लिहिणार कुठून, तर नांदेडातून. आमच्या नांदेडात बर्फ दिसतो तो उसाच्या रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला.

आम्ही दोघं नांदेडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मी लोह्याकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी जिथं जमेल तिथं सांगतो. लाजायचं कारण नाही. पदवी हातात आली तेव्हा मला वाटलं होतं की जगात काय काय आहे ते आता आपल्याला साधारण कळलं. शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "कदम, जोडीचं स्केटिंग बघता का?"

"मी क्रिकेट बघतो, सर."

"क्रिकेट काय, पोरं रानात खेळाय लागली की म्हशी बी बघतेत." असं म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला हसू आलं. चमचम कपड्यातला तो गडी, ती पोरगी, तो बाजा. मग त्यानं तिला कमरेला धरलं आणि चक्क फेकली. शेतातून पेंढी गाडीवर फेकावी तशी. पोरगी हवेत भिंगरीसारखी फिरली, लांब जाऊन एका पायावर उतरली, सुरीच्या धारेएवढ्या पात्यावर, आणि दुसरा पाय मागं सरळ करून वाऱ्यासारखी निघून गेली. माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"तिच्याकडं समदेच बघतेत," सर म्हणाले. "तुम्ही ह्याचे हात बघा. फेकून झालं तरी हात तसेच पुढं हायेत. ती उतरल्याबिगर त्यो हात खाली घेत न्हाई."

तेव्हापासून मी हातच बघतो.

सर मूळचे उदगीरकडचे. वडिलांचा बैलांचा मोठा शौक. त्यामुळं सरांची सगळी परीक्षा बैलजोडीच्या हिशेबानं चाले. उजव्या बाजूचा बैल डावीकडं जुंपला की नांगराचा तास वाकडा जातो, हे कुणब्याच्या पोराला सांगावं लागत नाही. सरांचं म्हणणं, स्केटिंगवाल्यांचं तेच आहे. बहुतेक माणसं गिरकी घेताना डावीकडं वळतात, एखादाच उजवीकडं वळणारा निघतो. अशा दोघांची गाठ घातली की कितीही कसलेले असोत, दोघांना जन्मभर एकमेकांशी जुळवून घेत बसावं लागतं. ब्लॉगवर त्यांनी लिहिलं होतं, "यांच्या शिकवणाऱ्याने जोड लावण्याआधी एकदा आमच्या बैलबाजारात चक्कर मारायला पाहिजे होती."

खेळातल्या डावांना त्यांनी आपली नावं दिली होती. गडी एका जागी पाय रोवून उभा राहतो आणि पोरगी त्याचा एक हात धरून, केस बर्फाला लागतील इतकी आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते. या डावाच्या इंग्रजी नावात मरण आहे. सरांनी ते नाव ब्लॉगवर कधीच घेतलं नाही. ते त्याला 'मळणी' म्हणत. खळ्याच्या मधोमध मेढ आणि भोवती फिरणारी बैलं, तसं. लिहायचे, "आजची मळणी बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. मेढ तसूभर हलली नाही." आणि उचलण्यात कुणी चुकला तर, "पोतं उचलल्यावाणी उचलली. आडत दुकानात बरा."

एकटे स्केटिंग करणारेही असतात. ते पडद्यावर आले की सर मोबाइल बंद करत.

"का हो सर? ते पण भारी करतात की."

"एकट्याचं काय बघायचं, कदम? एकटं तर आपण बी घसरतो."

मला वाटे, हा ब्लॉग सर आणि फार तर मी, असे दोघंच वाचतो. एक दिवस त्याखाली एका मराठी बाईंचा अभिप्राय आला. त्या कुठल्याशा थंड देशात दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "इथे इतकी वर्षे राहून मी हा खेळ कधी पाहिला नव्हता. तुमचे वाचून तिकीट काढून गेले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी एकटीच 'मळणी, मळणी' म्हणून ओरडले." मी ते दोनदा वाचलं आणि सरांकडं बघितलं. ढेरी, पांढरा शर्ट, खिशाला खडूची पांढरी भुकटी. हा माणूस इथून त्या बाईला तिच्याच गावचा बर्फ दाखवत होता.

आता सरांच्या घरचं सांगतो. घर म्हणजे नांदेडात दोन खोल्या आणि त्यात सर आणि त्यांची मुलगी. त्यांच्या बाई किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका. संस्थेची ती एकच शाळा, त्यामुळं बाईंची बदली होण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न झाल्यापासून हे असंच. मुलीचं शिक्षण नांदेडात व्हावं म्हणून सर इकडं राहिले, बाई तिकडं. सुट्टीत भेट. मधल्या सुट्टीत पोरांची खिचडी झाली की सर लिंबाखाली जाऊन बाईंना फोन लावत आणि कालच्या स्पर्धेवर बोलत. आवाज असा, की अख्ख्या पटांगणाला कळावं. "आली, आली... हां... घेतली बघ वर!" आम्हाला कौतुक वाटे. नवरा-बायको एवढ्या लांब, पण शौक एकच. दोघं आपापल्या ठिकाणी बघतात आणि मग फोनवर चर्चा करतात.

मुलगी शिकली, हैदराबादला नोकरीला लागली. आणि त्याच वर्षी बदल्यांचे अर्ज निघाले.

बदलीच्या अर्जात आपल्याला पाहिजे त्या गावांची नावं भरायची असतात. शहाणा माणूस भरता येतील तेवढी सगळी भरतो. कारण मागितलेलं एकही मिळालं नाही, तर जिल्ह्यात कुठंही टाकतात. सरांनी एकच गाव भरलं. आश्रमशाळेच्या शेजारचं.

हेडसरांनी कपाळाला हात लावला. "बिरादार, लोक किनवटातून भाईर यायला नवस करतेत. आन् तुम्ही आत जायला अर्ज करून राहिले?"

"हाव."

"आन् नाही मिळालं ते गाव? टाकतील उचलून देगलूरला. जिल्ह्याच्या ह्या टोकाला बाई आन् त्या टोकाला तुम्ही. आता हाय ते बी जाईल."

"एकच गाव पाहिजे, सर. दुसरं भरून काय करू?"

"तुम्हाला साखर हाय. तिथं दवाखाना कुठंय?"

"चालणं होईल की. उतरंल साखर."

मी म्हणालो, "सर, तिथं रेंज नाही."

यावर मात्र सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. रेंज नाही म्हणजे स्पर्धा नाहीत. स्पर्धा नाहीत म्हणजे ब्लॉग नाही.

"माहिती हाय, कदम," ते एवढंच म्हणाले आणि पाचवीच्या वर्गावर गेले.

पुढं याद्या लागेपर्यंत आमचाच जीव टांगणीला. सरांचं स्पर्धा बघणं बंद झालं होतं. एक दिवस तर मोबाइलवर आपोआप एकट्याचं स्केटिंग लागलं आणि सर ते शेवटपर्यंत बघत बसले. तेव्हा मला खरी भीती वाटली.

यादी लागली. गाव मिळालं. हेडसरांनी स्वतः पेढे आणले आणि सरांना साखर आहे म्हणून त्यांच्या वाटचे दोनही स्वतःच खाल्ले. ब्लॉगवर शेवटचं टिपण पडलं, "आता बरेच दिवस लिहिणे होणार नाही. एका जोडीचा सराव सुरू करायचा आहे." नर्सबाईंनी खाली विचारलं, "कुठल्या देशाची जोडी?" सरांनी उत्तर दिलं नाही. टेम्पोत गादी, कपाट आणि सायकल चढवून ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोटारसायकल काढून त्यांना भेटायला गेलो. निघताना त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेतल्या सगळ्या जोड्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या होत्या. साग संपता संपत नव्हता. रस्ता लागतो आणि हरवतो. दुपारी पोचलो तर सर अंगणात लुंगीवर भाजीचे वाफे करत होते. ढेरी निम्मी झाली होती. मला बघून इतके खूश झाले, की हात न धुताच मिठी मारली. मग दूध आणायला गेले.

बाई उंच, सडसडीत, बोलायला मोकळ्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मी म्हणालो, "मॅडम, आज मेजवानी आणलीय. आजवर तुम्ही दोघं दोन ठिकाणी बसून बघत होता, आज एका ठिकाणी बसून बघा."

"मी कुठं बघत व्हते?"

"म्हणजे?"

"अवो, इथं फोन लागायचा त्यो बी वसतिगृहाच्या गच्चीवर चढल्यावर. आवाज आला तरी लई झालं. चित्र कुठलं येतंय! हे तिकडं बघायचे आन् दुसऱ्या दिवशी मला सांगायचे. मी आजवर एक बी बघितलं न्हाई."

मी तांब्या खाली ठेवला. तिथं रेंज नाही हे सरांना मीच सांगितलं होतं, पण मग बाई कशावर बघतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पहिल्या पहिल्यांदा ती विंग्रजी नावं घ्यायचे," बाई सांगत होत्या. "मी म्हणायची, मला काय दिसंना बघा, आपल्यातलं काहीतरी सांगा. मग म्हणले, खळ्यात मळणी चालती तशी. तवा कुठं दिसलं. मग रोज शोधून आणायला लागले, हे कशासारखं, ते कशासारखं. एवढं चांगलं सांगतेत, म्हणून मीच म्हणलं, लिवून ठेवा, दुसऱ्याला बी दिसंल."

ज्या शब्दांनी त्या नर्सबाईंना स्टेडियमवर नेलं, ते सगळे या गच्चीवर उभ्या असलेल्या एका बाईसाठी जमवलेले होते.

सर दूध घेऊन आले. चहा झाला. मी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि सगळ्यांत चांगली जोडी लावली. दोघं चटईवर शेजारी शेजारी बसले. एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस एक शब्द बोलेना. पडद्याकडं बघेना. निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे बाईंच्या तोंडाकडं बघत होते.

फेक आली. पोरगी फिरली, उतरली. "अगं बाई!" बाई म्हणाल्या. मळणी आली, गेली. बाजा थांबला.

"कसं वाटलं?" सरांनी हळूच विचारलं.

बाईंनी थोडा विचार केला. "पोरगी गुणाची हाय. गडी बी चांगला हाय. पर..."

"पर काय?"

"लई लवकर उतरली वो. तुम्ही सांगता तवा ती किती येळ वर ऱ्हाती."

असं म्हणून त्यांनी मोबाइल उचलला आणि चटईवर पालथा घातला. "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही सांगा."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. लाजले असावेत. मग मांडी सावरून बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले. दोघं कसे आले, तिनं कुठला रंग घातला होता, त्यानं हात कसा पुढं केला. आवाज आता मोठा नव्हता. पटांगणापलीकडच्या माणसाला ऐकू जायची गरजच नव्हती.

"...आन् त्यानं कमरेला धरली," सर म्हणाले, "आन् फेकली."

आणि थांबले. दोन्ही हात तसेच पुढं. बाई वर पत्र्याकडं बघत होत्या. मीही बघत होतो.