लाखेच्या की काचेच्या?

निकमकाकांच्या दारात आलेला माणूस आधी परीक्षेला बसतो, मग पाणी पितो. दूधवाला असो नाहीतर गॅसवाला, काका त्याला खुर्चीत दाबून बसवतात, रेकॉर्ड लावतात आणि विचारतात, "भैया, ध्यान से सुनो. लाख की, या काँच की?"

मी गेले होते भांडायला. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत आवाजाविरुद्धची पत्रकं मीच वाटते. लग्नाच्या डीजेखालोखाल माझे शत्रू हेच: लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले सातारचे सुभेदार. सकाळपासून एकाच मैफलीची एकच रेकॉर्ड! हा शेजाऱ्यांवर अत्याचार नाही? मी तोंडावर विचारलं.

"लीडरबाई, बसा. मोर्चा मागनं काढा."

रेकॉर्डची सुई आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये काकांनी एक डबी जोडलीय. तिच्यातले रेझिस्टर ते दिवसभर बदलत बसतात. "कमी ओहमचा लावला की आवाज गोधडीत शिरतो. लई वाढवला की भांडी आपटल्यागत. मधला गावला पायजे."

शंभर ओहमचा लागला. रेकॉर्डवरच्या बाई सुरेख गात होत्या.

"गाणं सोडा! मागं काय वाजतंय?"

श्रोत्यांत पुढेच बसून कुणीतरी मांडीवर ताल धरत होतं. "बांगड्या. लाखेच्या."

"नापास!" काका ओरडले. "तुम्ही न्हवं, रेझिस्टर."

मग पाचशेचा लागला. छन्‌!

"काचेच्या!" मी उठूनच उभी राहिले. "हिरव्या असणार, काका!"

"हिरव्याच!" सुभेदारांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि कांद्याची कचोरी पुढे केली.

"पण सगळ्यांना विचारत बसता, हे तुम्हालाच का नाही कळत?"

"जनरेटरपाशी नोकरी काढली, पोरी. गाणं ऐकू येतं. त्याच्या वरचं बारीक काही न्हाई." काका डबीचं झाकण लावू लागले. "मी बॉर्डरवर होतो, तवा आमची ही पुण्यात ह्याच मैफलीला पहिल्या रांगेत बसलेली. हितं आल्यावर सगळ्या म्हणायच्या, जयपूरच्या लाखेच्या घाला. हिनं काच सोडली न्हाई, शेवटपर्यंत." मग हळूच, "वाजत्यात न्हवं?"

पत्रकं मी खुर्चीखाली सरकवली. "सुई परत ठेवा. आणि काका, आवाज वाढवा!"

मागे बांगडी वाजली की मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवू लागले. छन्‌, बोट. छन्‌, बोट. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं माझं बोट टेकायच्या आधीच त्यांची मान डोलू लागली, अगदी बरोबर जागेवर.