पृथ्वी सोडण्याची परवानगी

"हे खरे कशावरून?" पडद्याआडून पाहुण्यांकडे बघत भालचंद्र सोमणांनी बायकोला विचारलं.

"अहो, बोलावलंत तुम्हीच!" प्रभाताई म्हणाल्या.

राजधानीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचं वार्षिक संमेलन सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. गेल्या वर्षी सोमणांनी आणलेले शास्त्रज्ञ विमा एजंट निघाले आणि जाताना अकरा जणांचा विमा उतरवून गेले. यंदाही पाहुणा खोटा निघाला, तर सोमणांचं सचिवपद गुणवंत पाटण्यांकडे जाणार होतं. त्यात यंदाचे पाहुणे धैर्यशील राजे म्हणजे आधी टेस्ट पायलट, मग अंतराळवीर, आता गुडगावात स्वतःची कंपनी, आणि फावल्या वेळात 'थांबू नका, झेपावा' या विषयावर व्याख्यानं. मंत्रालयातल्या एकाच टेबलावर तेहतीस वर्षं काढलेल्या सोमणांना हे सगळं एका माणसात बसेना.

शिवाय पाहुणे बसण्याआधी प्लॅस्टिकच्या खुर्चीला फेरी मारून तिचे चारही पाय हलवून बघत होते.

"सवय आहे," दोघांना पडद्याआडून पुढे आलेलं पाहून राजे म्हणाले. "उडण्याआधी विमान असंच तपासतो."

"खुर्ची उडणार नाहीये," सोमण म्हणाले. "वरून काय दिसलं?"

"पहिले दोन दिवस? उलटीची पिशवी."

प्रभाताई कुजबुजल्या, "खोटा माणूससुद्धा यापेक्षा बरं सांगेल हो."

"सोबत कोण होतं? साक्षीदार?"

"दोन रशियन."

"पत्ता?"

"अरे यार, रशिया!"

मग सोमणांनी ठेवणीतलं काढलं. "तेव्हा सरकारी नोकरीत होतात ना? मुख्यालय सोडण्याची लेखी परवानगी दाखवा." गावाबाहेर पाऊल टाकायचं तर सरकारी नोकराला साहेबांची सही लागते, मग ते बारसं असो वा बदली.

राजेंचा चेहरा खर्रकन उतरला. "ती... राहिली. बाकी सगळे फॉर्म भरले, तेवढी बिल्कुल सुचली नाही. हे आता निघणार का? पेन्शनला काही होईल?"

सोमणांनी त्यांना कडकडून मिठी मारली. खोटा माणूस परवानगी शिक्क्यासकट घेऊन आला असता. ही भीती फक्त खऱ्या सरकारी नोकरालाच वाटते.

हे त्यांनी व्यासपीठावरून अभिमानाने सांगितलं. तिथेच चुकलं. सभागृहात निवृत्त बाबू आणि त्यांची कुटुंबं बसली होती.

"म्हणजे हे गृहस्थ," गुणवंत पाटणे सावकाश उठले, "न विचारता पृथ्वी सोडून गेले?"

"मला मेहुण्याच्या लग्नाला पानिपतला जायला तीन सह्या लागल्या होत्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि आपले सचिव यांना हार घालणार!" पाटणे म्हणाले. "बदला सचिव!"

सोमणांनी चष्मा पुसला. "कार्योत्तर मंजुरी," ते शांतपणे म्हणाले. "झालेल्या गोष्टीला मागाहून परवानगी. नियमात आहे. ठराव मी मांडतो. अनुमोदन?"

पाटण्यांनीही उभी हयात सरकारी फायलींत काढली होती. नियमात बसणारा ठराव समोर आला की त्यांचा हात आपोआप वर जायचा. तो गेला. मग सगळ्यांचेच गेले.

"मंजूर. श्री. राजे यांनी पृथ्वी सोडण्यास मंडळाची हरकत नाही."

राजेंनी रुमाल डोळ्यांना लावला.

"थँक यू," ते म्हणाले. "आज कुठे खाली उतरल्यासारखं वाटतंय."