हॅरन आणि एल्मर यांची तुलना

बुडालेल्या युद्धनौकांची तुलना सावरखाडीच्या बंदर कार्यालयात दर मंगळवारी साडेदहा ते दीड या वेळेत होते. जगात कुठेही बुडालेल्या, पण युद्धात एकमेकींसमोर येऊ न शकलेल्या कुठल्याही दोन नौका अर्ज करू शकतात. कागदावर जी कमी ठरते ती दुसरीने बुडवली असं मानलं जातं, आणि ती जेवणाच्या सुट्टीच्या आत बुडते. यानंतर ती वर येत नाही.

शशिकला हळदणकर अकरा वर्षं तुलना अधिकारी होत्या. आकडे ताडून घेणं, रकाने भरणं आणि प्रत्येक रकान्याखाली सही करणं एवढंच त्यांचं काम. नौका बुडाली की त्या डबा उघडत. पहिली दोन-तीन वर्षं घास घशाखाली उतरत नसे. पुढे उतरू लागला, आणि याचंच त्यांना कधीमधी वाईट वाटे.

त्या मंगळवारी खाडीच्या तोंडाशी 'लॉर्ड हॅरन' आणि 'ग्राफ एल्मर' उभ्या होत्या. भरतीचं पाणी असूनही लाट नव्हती. कावळे जेटी सोडून कौलांवर येऊन बसले होते, आणि एकही ओरडत नव्हता.

हॅरनतर्फे तोफखान्याचे अधिकारी विल्मॉट आले. गणवेशातून पाणी निथळत होतं, पण फरशी कोरडीच राहिली. एल्मरतर्फे तिशीचा एक माणूस आला, कमरेला फडकं बांधलेला.

"अधिकारी कुठे आहेत?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"उरले नाहीत, बाई. मी भटारखान्यातला. दाऊद होडेकर. घर खाडीपलीकडे, कातळवाडीत." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "कातळवाडीला अजून होडीच जाते का?"

"पूल झालाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "आईला होडीत बसायची भीती वाटायची."

शशिकलाबाईंनी हिशेब केला. त्याची आई आज असती तर सव्वाशे वर्षांची असती. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

पहिला रकाना माऱ्याचा. हॅरनवर सोळा इंची नऊ तोफा, एक गोळा नऊशे तीस किलोचा. एल्मरवर अकरा इंची आठ तोफा, गोळा तीनशे किलोचा. एका वेळच्या माऱ्याचं वजन हॅरनचं आठ हजार तीनशे सत्तर किलो, एल्मरचं दोन हजार चारशे.

"आकडे मान्य?"

"मान्य," विल्मॉट म्हणाले.

"खरेच आहेत ते," दाऊद म्हणाला.

शशिकलाबाईंनी सही केली. खिडकीबाहेर एल्मरचा पुढचा, तोफांचा बुरूज नाहीसा झाला. आवाज झाला नाही, फक्त टेबलावरच्या कपातला चहा एकदा थरथरला.

"त्या बुरुजात चौदा जण होते," दाऊद म्हणाला. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. "त्यांचा चहा मीच न्यायचो."

दुसरा रकाना चिलखताचा. हॅरनचं चौदा इंच, एल्मरचं दहा. सही करताना शशिकलाबाईंनी खाली बघितलं, पण वर बघावंच लागलं. एल्मरच्या कुशीत एक गोल भोक पडलं होतं, आणि त्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता.

"आत किती जण आहेत अजून?" त्यांनी विचारलं. फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता.

"सहाशेच्या वर. दुपारचा भात टाकून आलोय."

"प्रश्न कामकाजाबाहेरचा आहे," विल्मॉट अदबीने म्हणाले. "आमच्याकडे अठराशे आहेत. आम्ही बोललो नाही."

तिसरा रकाना वेगाचा. हॅरन ताशी तेवीस सागरी मैल, एल्मर एकतीस. सही झाली आणि एल्मरच्या धुराड्यातून बारीकसा धूर निघाला.

चौथा रकाना लढाईच्या अंतराचा होता. जिचा वेग जास्त ती नौका अंतर ठरवते, असा नियम आहे.

"तुम्ही सांगायचं," शशिकलाबाई दाऊदला म्हणाल्या. "किती लिहू?"

"नेहमी काय लिहितात?"

"दहा सागरी मैल."

"मग तेच—"

"नेहमीचंच लिहायला हवं असं नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी कुणालाही सल्ला दिला नव्हता.

दाऊद खुर्चीत वळला. मग त्याने विल्मॉटना विचारलं, "साहेब, तुमचा गोळा कुठवर जातो?"

"वीस मैलांच्या थोडा पुढे," विल्मॉटनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"चाळीस लिहा, बाई."

शशिकलाबाईंनी चाळीस लिहिलं. "एक लक्षात घ्या, होडेकर. सही झाली की हे अंतर कायमचं. हॅरन इथे उभी असेपर्यंत तुम्हाला चाळीस मैलांच्या आत येता येणार नाही. कातळवाडी इथून दोन मैलांवर आहे."

दाऊदने कमरेचं फडकं सोडलं, त्याची नीट घडी केली, पुन्हा बांधलं. "करा सही."

शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'लढाई होऊ शकली नाही.' मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती, आणि खाडीच्या तोंडाशी एकच नौका होती.

विल्मॉट उठले. "निकाल लागेपर्यंत आम्हाला इथेच थांबावं लागेल. ती परत आली तर कळवा." दारात ते क्षणभर घुटमळले. "आमच्या लोकांना हे सांगणं कठीण जाईल. ते तयार होऊन बसलेत."

तेव्हापासून हॅरन खाडीतच आहे. मासेमार तिला वळसा घालून जातात. तिच्या नऊही तोफांच्या नळ्या एल्मरच्या दिशेने रोखलेल्या असतात आणि एल्मर फिरेल तशा फिरतात. पावसाळाभर त्या नैर्ऋत्येला होत्या. दिवाळीनंतर दक्षिणेला सरकल्या. पौषात एका सकाळी त्या गावावरून फिरायला लागल्या. शाळेवरून, बाजारावरून, दवाखान्यावरून गेल्या आणि पूर्वेला घाटाकडे तोंड करून थांबल्या. बाजारात कुणी पळालं नाही. भाजीवाल्यांनी फक्त बोलणं थांबवलं, आणि नळ्या पुढे गेल्यावर पुन्हा सुरू केलं.

अकराच्या सुमाराला कार्यालयातला फोन वाजला. घाटमाथ्यावरच्या एका धरणाचे शाखा अभियंता बोलत होते.

"मॅडम, आमच्या जलाशयात एक जहाज आलंय. पुढचा बुरूज नाहीये. नोंद कुठल्या रजिस्टरला घ्यायची?"

शशिकलाबाईंनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली. चौऱ्याहत्तर किलोमीटर, म्हणजे बरोबर चाळीस सागरी मैल. "अंतर पाळलंय," त्या म्हणाल्या. "राहू द्या. नोंदीचं मी बघते."

"त्यांच्यातला एक जण इथेच उभा आहे. तुमच्याशी बोलायचं म्हणतोय."

फोनमध्ये वारा ऐकू आला.

"होडेकर, सगळे बरे आहात ना? किती जण आहात?"

"मोजू का? मोजलं तर तुम्हाला लिहावं लागेल."

"नका मोजू."

"बरं," दाऊद म्हणाला. "बाई, इथलं पाणी गोड आहे. आम्ही सकाळपासून पितोय."